यंत्रमानवाला हाक कशी मारायची?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



 निमंत्रण घेऊन आलेल्या कार्यकर्त्यांनी विषयाची निवड मोठ्या सौजन्याने माझ्यावर सोपवली होती. आयुष्यभर साहित्य शिकवलेली बाई संतवाङ्मयावर नाही तर मराठी रंगभूमीवर बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी ‘दूरचित्रवाणीच्या नाटकांतले यंत्रमानव’ असा विषय सांगितला, तेव्हा त्यांच्यापैकी एकाने जरा चाचरतच विचारले, “बाई, हे मुलांचं नाही का?” त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी त्या दिवशी दिले नाही. ते आज आपणा सर्वांसमोर देण्याचा प्रयत्न करणार आहे.

आरंभ आपल्या मंडळापासूनच करते. सुमारे तीस वर्षांपूर्वी गणेशोत्सवात आपण एक नाटक बसवले होते. ते आपल्यातल्याच एका गृहस्थांनी लिहिलेले होते. नाटकात स्वर्गवासी आजोबा दर अंकात तसबिरीतून खाली उतरत आणि घरच्या मंडळींना सल्ला देत. आजोबांच्या या येण्याजाण्याला प्रेक्षकांपैकी एकानेही हरकत घेतली नाही. उलट त्यांच्या प्रवेशाला टाळ्या पडल्या. दुसऱ्या अंकात मात्र नायकाने सकाळी पुण्याला तार केली आणि त्याच संध्याकाळी मावशी, कडक इस्त्रीच्या लुगड्यात, हातात डबा घेऊन दारात उभी राहिली. सारे सभागृह हसू लागले! पुण्याहून हावड्यापर्यंतचा तीस तासांहून अधिक लांबीचा प्रवास समोर बसलेल्या प्रत्येकाने केलेला होता. त्या प्रवासानंतर लुगड्याचे काय होते आणि माणसाचे काय होते, हे सर्वांना ठाऊक होते. मेलेला माणूस तसबिरीतून उतरला तो खरा वाटला, आणि जिवंत मावशी खोटी ठरली.

लेखक बिचारे खट्टू झाले. परंतु त्या रात्री जे घडले, त्यात कथाकथनाचे एक फार जुने तत्त्व दडलेले आहे. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने आपल्या काव्यशास्त्रात म्हटले आहे त्याचा आशय असा, की शक्य असूनही न पटणाऱ्या गोष्टीपेक्षा अशक्य पण पटणारी गोष्ट कवीने पत्करावी. आपल्याकडे अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने ‘औचित्यविचारचर्चा’ लिहून काव्यातील प्रत्येक अंगाला औचित्याची कसोटी लावली. याच क्षेमेंद्राने ‘बृहत्कथामंजरी’ही रचली, म्हणजे अद्भुत कथांचा सारा पसारा स्वतः हाताळला, हे विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. अद्भुत आणि औचित्य यांचे वैर आहे असे त्याला वाटले नसावे. श्रोता एक अद्भुत मान्य करतो. त्यापुढचे सारे मात्र त्याला आपल्या संसारातल्यासारखे लागते.

यंत्राच्या माणसांची कथाही आपल्याला अपरिचित नाही. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त मयासुराची कन्या सोमप्रभा आपली सखी कलिंगसेना हिच्याकडे लाकडी बाहुल्यांची करंडी घेऊन येते. एक कळ दाबताच एखादी बाहुली आकाशमार्गे जाऊन फुलांची माळ आणते, दुसरी पाणी आणते, तिसरी नाचते, तर चौथी चक्क गप्पा मारते. यंत्र कसे चालते, हा प्रश्न कोणी विचारत नाही. एक कळ आहे, एवढे पुरते. आपल्या भाषेतला ‘कळसूत्री’ हा शब्द आणि सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर मंडळींनी जतन केलेला बाहुल्यांचा खेळ, दोन्ही याच कुळातले. बाहुलीचे दोरे दिसत असतानाही तिच्या दुःखाने प्रेक्षक गहिवरतो.

आता आधुनिक काळाकडे वळू. ‘रोबोट’ हा शब्द कारखान्यात जन्मलेला नाही. तो रंगभूमीवर जन्मला. चेक लेखक कारेल चापेक यांचे ‘आर.यू.आर.’ हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि जानेवारी १९२१ मध्ये प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात त्याचा प्रयोग झाला. शब्द सुचवला तो त्यांचे चित्रकार बंधू योसेफ यांनी. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे सक्तीची मजुरी. मराठीत त्याला नेमका प्रतिशब्द आहे: वेठ. म्हणजे रोबोट हा मुळात वेठबिगार होय. चापेक यांचे रोबोट पत्र्याचे नव्हतेच; रासायनिक द्रव्यांतून घडवलेले, हुबेहूब माणसासारखे दिसणारे ते मजूर होते. ११ फेब्रुवारी १९३८ रोजी बी.बी.सी.ने लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून या नाटकाचा ३५ मिनिटांचा भाग प्रक्षेपित केला. दूरचित्रवाणी तेव्हा पाळण्यात होती, आणि त्या पाळण्यापाशी यंत्रमानव तेव्हाच येऊन उभा राहिला होता.

या दोघांचे असे जमण्याचे एक अगदी व्यावहारिक कारण आहे. दूरचित्रवाणीला पैशाची टंचाई नेहमीचीच. परग्रहावरचा राक्षस दाखवायचा तर खर्च येतो. माणसासारखा दिसणारा यंत्रमानव दाखवायला एक नट पुरतो. दुसरे कारण अधिक खोल आहे. चित्रपट आपण बाहेर जाऊन पाहतो. दूरचित्रवाणी आपल्या बैठकीच्या खोलीत येते. ताट वाढलेले असते, कुकरची शिटी होत असते, घरातली मदतनीस बाई उंबऱ्याशी टेकून दोन मिनिटे पाहत असते. अशा घरात पडद्यावरच्या घरातला यंत्रमानव येतो, आणि त्याची परीक्षा आपण आपल्या घराच्या मोजमापाने घेतो.

ही परीक्षा पहिल्या दर्जात उत्तीर्ण झालेले एक जुने उदाहरण सांगते. ‘द ट्वायलाइट झोन’ या अमेरिकन मालिकेत १३ नोव्हेंबर १९५९ रोजी रॉड सर्लिंग यांनी लिहिलेला ‘द लोनली’ हा भाग दाखवला गेला. कॉरी नावाच्या कैद्याला एका ओसाड लघुग्रहावर एकांतवासाची शिक्षा झाली आहे. रसद घेऊन येणारा दयाळू कप्तान एकदा त्याला एका पेटीतून ॲलिशिया नावाची यंत्रस्त्री आणून देतो. कॉरी प्रथम तिचा तिरस्कार करतो, मग तिच्यावर जीव लावतो. पुढे त्याची सुटका होते. यान न्यायला येते. परंतु यानात त्याला फक्त १५ पौंड सामान नेता येणार आहे. तिला नेता येत नाही, आणि तो तिला सोडायला तयार नाही. अखेर कप्तान तिच्या चेहऱ्यावर गोळी झाडतो. आतून तारा बाहेर येतात.

पंचवीस मिनिटांच्या या कथेत लघुग्रह कसा, तिथे हवा कुठली, असे शंभर प्रश्न विचारता येतील. पण पाहताना ते मनात येत नाहीत. याचे श्रेय मी त्या १५ पौंडांना देते. सामानाच्या वजनाची मर्यादा! घर सोडून निघालेल्या कोणालाही ती कळते. आपणही या शहरात आलो तेव्हा काय घ्यावे आणि काय मागे ठेवावे, याचा हिशेब केला होता. लेखकाने विज्ञानाचे ओझे वाढवले नाही. निघण्याच्या घडीला एक वजनकाटा मध्ये ठेवला, आणि त्या काट्यापाशी कथा खरी झाली.

दुसरे उदाहरण फेब्रुवारी १९८९ चे. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेतील ‘द मेझर ऑफ अ मॅन’ हा भाग. त्याच्या लेखिका मेलिंडा स्नॉडग्रास या पूर्वी वकिली करत होत्या, आणि ते जागोजागी जाणवते. डेटा नावाचा यंत्रमानव अधिकारी आहे. एका शास्त्रज्ञाला तो उकलून पाहायचा आहे, त्याच्यासारखे आणखी बनवायचे आहेत. डेटा नकार देतो. प्रश्न उपस्थित होतो: नकार देण्याचा अधिकार त्याला आहे का? की तो सरकारी मालमत्ता आहे? सुनावणी होते. त्याच्याच मित्राला त्याच्याविरुद्ध बाजू मांडावी लागते, आणि तो मित्र भर न्यायालयात डेटाची कळ बंद करून त्याला निपचित पाडतो. बचावासाठी कप्तान पिकार्ड डेटाने सामानात बांधलेल्या तीन वस्तू पुढे ठेवतो: पदके, भेट मिळालेले एक पुस्तक, एका मृत सहकारिणीची प्रतिमा. पदकांचा तुला उपयोग काय, असे विचारल्यावर डेटाला नीट उत्तर देता येत नाही. ती हवीशी वाटतात, इतकेच तो सांगतो. त्या उत्तर न येण्याने तो आपल्याला माणूस वाटतो. आपल्यालाही ट्रंकेच्या तळाशी ठेवलेल्या वस्तूंचे कारण कुठे सांगता येते?

आता थोडे हलक्याफुलक्या गोष्टींविषयी. १९८५ ते १९८९ या काळातली ‘स्मॉल वंडर’ ही अमेरिकन मालिका पुढे हिंदीतून आपल्याकडे आली आणि इथल्या मुलांनी ती डोक्यावर घेतली. अभियंता वडील व्हिकी नावाची यंत्रमुलगी घरी आणतात, ती मुलाच्या खोलीतल्या कपाटात राहते, आणि शेजाऱ्यांना पत्ता लागत नाही. २००३ साली तिचाच हिंदी अवतार ‘करिश्मा का करिश्मा’ आला. यंत्रमुलीची भूमिका करणारी बालनटी वर्षागणिक वाढत गेली, तेव्हा वडिलांनी तिच्यात सुधारणा केल्याचे कथेत दाखवावे लागले. कथा एका जागी थांबली तरी मूल वाढायचे थांबत नाही!

२०१६ मध्ये ‘बहू हमारी रजनी कांत’ या हिंदी मालिकेत तर यंत्रमानव थेट सून होऊन घरात आला. ही सून आहे की यंत्र, हे एकत्र कुटुंबातल्या कोणालाही कळू नये, हे तर्काला कसे पटावे? मला विचाराल तर तेच त्या विनोदाचे मर्म आहे. पहाटे उठणारी, न थकणारी, उलट न बोलणारी, सांगितलेले सारे करणारी सून म्हणजे यंत्रच, अशी शंका कोणाला येत नाही. कारण सासरची अपेक्षाच तशी असते. मालिकेचे सारे भाग मला सारखे आवडले असे नाही. परंतु मूळ कल्पनेतला टोमणा अचूक होता, हे इथे बसलेल्या माझ्या वयाच्या भगिनींना समजावून सांगण्याची गरज नाही.

या सर्वांहून ज्या कथेने मला अस्वस्थ केले, ती मूळची स्वीडनमधली. लार्स लुंडस्ट्रम यांची ‘एक्टा मेनिस्कोर’, म्हणजे ‘खरी माणसे’, ही मालिका तिथल्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर २०१२ ते २०१४ या काळात झाली. तिच्यावरून सॅम व्हिन्सेंट आणि जोनाथन ब्रॅकली यांनी इंग्रजीत ‘ह्यूमन्स’ लिहिली. जून २०१५ पासून २०१८ पर्यंत तिचे प्रत्येकी आठ भागांचे तीन हप्ते झाले. दोन्हींमध्ये काळ दूरच्या भविष्याचा नाही. गाड्या, रस्ते, स्वयंपाकघरे आजचीच. एवढाच फरक, की माणसासारखी दिसणारी यंत्रे दुकानात विकत मिळतात.

इंग्रजी मालिकेच्या चालकांनी जाहिरातही मोठ्या चतुराईने केली. मालिकेचे नाव न घेता ‘पर्सोना सिंथेटिक्स’ या काल्पनिक कंपनीची जाहिरात दाखवली आणि लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर तिचे दुकानही थाटले. एखाद्या शीतकपाटाची असावी तशी ती जाहिरात होती. मालिकेत यंत्रांच्या भूमिका करणाऱ्या नटांना हालचालींचे खास शिक्षण दिले गेले: अनावश्यक हालचाल पूर्णपणे गाळायची, हात उचलायचा तर कामापुरताच उचलायचा. मासाहिरो मोरी या जपानी संशोधकांनी १९७० साली लिहिले होते, की यंत्र माणसासारखे होत जाते तशी आपली आपुलकी वाढते. पण ते जवळजवळ माणूस होऊन थोडेसे कमी पडले, की आपुलकीची जागा शिसारी घेते. ‘ह्यूमन्स’चे नट नेमके त्या काठावर उभे राहतात. डोळे हिरवे, चेहरा शांत, आणि खांदे जरा जास्तच स्थिर.

परंतु विश्वास बसतो तो याच्याही पुढच्या गोष्टींनी. हॉकिन्स कुटुंबात आई लॉरा कामासाठी परगावी असताना वडील अनिता नावाची यंत्रस्त्री घरी आणतात. आई परतते तो घर लख्ख, न्याहरी तयार. रात्री धाकट्या सोफीला आई गोष्ट वाचून दाखवायला जाते, तर मुलीला अनिताच हवी असते; कारण अनिता घाई करत नाही. तेवढ्या एका वाक्याने लॉरा आपल्याच घरात पाहुणी होते. थोरली मॅटी अभ्यास सोडून देते. विचारते, की मी सात वर्षे खपून डॉक्टर होईपर्यंत यंत्राला क्षणात शस्त्रक्रिया शिकवता येणार असेल, तर मी शिकू कशाला? स्वीडिश मालिकेत रॉजर नावाचा गोदामातला कामगार पाहतो, की आजूबाजूचे सोबती एकेक करून गेले आणि त्यांच्या जागी यंत्रे आली. यंत्र कसे बनले याबद्दल या दृश्यांत अवाक्षरही नाही. यंत्र आल्यावर घरातल्या कोणाची जागा सरकली, कोणाचा घास गेला, हे मात्र तपशीलवार आहे. अशक्य गोष्ट पटते ती तिच्या परिणामांमुळे.

जिथे या मालिका परिणाम सोडून रहस्याच्या मागे लागल्या, तिथे माझा विश्वास डळमळला. एका शास्त्रज्ञाने यंत्रांना जाणीव देणारी गुप्त आज्ञावली लिहून ठेवली आहे, ती मोजक्या यंत्रांच्या डोक्यात वाटून ठेवली आहे, ते सारे एकत्र आले की ती उलगडते, असे ‘ह्यूमन्स’मध्ये सांगितले जाते. जाणीव म्हणजे जणू खजिन्याच्या नकाशाचे तुकडे! ‘वेस्टवर्ल्ड’ या २०१६ ते २०२२ मधल्या डामडौलाच्या मालिकेचेही मला असेच वाटते. पहिल्या हप्त्यात तीस वर्षांच्या अंतराने घडणाऱ्या घटना शेजारी शेजारी ठेवून लेखकांनी सुंदर कोडे घातले. पण पुढे प्रेक्षक कोडी सोडवू लागले आणि पात्रांची काळजी करायचे विसरले. माझीही गत तीच झाली.

एका बाबतीत तर साऱ्याच लेखकांचा अंदाज चुकला. पडद्यावरचा यंत्रमानव भांडी घासतो, कपड्यांच्या सुरेख घड्या घालतो, पण बोलतो मात्र तुटक आणि कोरडे. प्रत्यक्षात उलटे घडले. २०२२ च्या अखेरीस ‘चॅटजीपीटी’ आल्यापासून अस्खलित बोलणारी आज्ञावली घरोघरी पोहोचली. तिला हात नाहीत, पाय नाहीत. आणि लुगड्याची घडी घालणे हे यंत्राच्या हाताला अजूनही अवघड काम आहे. हान्स मोराव्हेक यांनी १९८८ सालीच ही विसंगती नोंदवली होती: मोठ्यांना कठीण वाटणारी बुद्धीची कामे यंत्राला सोपी, आणि वर्षाच्या बाळाला जमणारी कामे कठीण. म्हणजे आपण ज्यांना हलके काम म्हणतो आणि ज्याचे कमी पैसे देतो, तेच यंत्राला सर्वांत जड जाते. मालिका लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात घेतले असते, तर त्यांच्या कथा अधिक पटल्या असत्या आणि मोलकरणीचे मोलही वाढले असते.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येते. समजा, यातली एखादी मालिका उद्या मराठीत करायची ठरली. पहिल्याच वाक्याला लेखक अडखळेल. इंग्रजीत यजमान आणि यंत्र यांना एकच ‘यू’ पुरतो. मराठीत यंत्राला ‘तू’ म्हणायचे की ‘तुम्ही’? ते खोलीत आले तर ‘आला’, ‘आली’, ‘आलं’ की ‘आल्या’? आपले क्रियापद लिंग सांगितल्याशिवाय पुढे सरकत नाही, आणि मान दिला की न दिला हे लपवूही देत नाही. ‘अनिता आली’ आणि ‘ते आलं’ या दोन वाक्यांत त्या घराचा सारा न्यायनिवाडा होऊन जातो. आजी म्हणेल ‘ते यंत्र’, धाकटी म्हणेल ‘अनिताताई’, आणि वडील नाव घ्यायचेच टाळतील. मराठी लेखकाला पात्रपरिचयासाठी वेगळा प्रवेश लिहावा लागणार नाही.

ज्या भूमीवर आपण आज जमलो आहोत, तिथल्या एका थोर कथाकाराने हे फार पूर्वी ओळखले होते. सत्यजित राय यांची १९७६ सालची ‘अनुकूल’ ही बंगाली कथा आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. २०१७ मध्ये सुजॉय घोष यांनी तिच्यावर हिंदी लघुपटही केला. निकुंजबाबू दरमहा भाडे भरून अनुकूल नावाचा यंत्रनोकर घरी आणतात. त्याला ‘तुई’ म्हणायचे नाही आणि त्याच्यावर हात उगारायचा नाही, अशी ताकीद मिळते. काका येतात, अनुकूल त्यांची चूक दाखवतो म्हणून ते त्याला चपराक लगावतात. पुढे काय होते, ते न वाचलेल्यांसाठी सांगत नाही. राय यांनी यंत्राच्या रचनेवर शाई खर्च केली नाही. एका सर्वनामावर कथा उभी केली. बंगाली घरात नोकराला ‘तुई’ म्हणण्याचा अर्थ काय, हे प्रत्येक वाचकाला माहीत होते. तेवढ्यावरच ती कथा खरी ठरली.

आणि आता, व्याख्यानात सहसा सांगू नये अशी एक घरगुती गोष्ट सांगण्याची परवानगी घेते.

‘ह्यूमन्स’मध्ये जॉर्ज मिलिकन नावाचे एक वृद्ध गृहस्थ आहेत. भूमिका विल्यम हर्ट यांची. पत्नी वारली आहे. आजारपणामुळे जॉर्ज यांची स्मृती झिजत चालली आहे. ओडी नावाचा त्यांचा यंत्रमानव जुना, बिघडलेला, हात मध्येच झटके देणारा आहे. आरोग्यखात्याची माणसे सांगतात, हा मोडीत द्या, नवी काळजीवाहू यंत्रस्त्री घ्या. जॉर्ज ओडीला लपवून ठेवतात. कारण पत्नीबरोबरच्या सहली, तिचे बोलणे, तिचे हसणे, जे जॉर्ज यांना आता आठवत नाही, ते ओडीला आठवते. हे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला मालिका बंद करावी लागली.

माझी आई साताऱ्याला राहत असे. भाऊ परदेशी, मी इथे. शेवटची तीन वर्षे तिच्याजवळ एक बाई राहत होत्या. दर रविवारी मी फोन करीत असे. आईला विचारायचे ते त्या बाईंना विचारी: जेवली का, गोळी घेतली का, झोप लागली का? उत्तर मिळे, “हो ताई.” माझे समाधान होई. महिन्याचे पैसे मी वेळेवर पाठवी, आणि कर्तव्यात कसूर नाही असे स्वतःला सांगे. त्यांना मी ‘अगं’ म्हणे. त्या माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या होत्या, हे मला आई गेल्यावर कळले.

तेराव्यानंतर सारे पांगले. त्या बाई मागे थांबल्या आणि स्वयंपाकघरात बसून मला एकेक सांगू लागल्या. दुपारी आई कोणती गाणी गुणगुणायची. आमच्या वडिलांनी तिला लग्नानंतर पहिल्यांदा कुठे नेले होते. मी तीन वर्षांची असताना तापाने फणफणले होते तेव्हा तिने कोणता नवस बोलला, आणि तो फेडायचा राहून गेला याचे तिला अखेरपर्यंत कसे वाईट वाटत होते. यातले मला काहीही माहीत नव्हते. माझ्या आईची अखेरची तीन वर्षे, आणि तिच्या तोंडून निघालेली आधीची सत्तर वर्षे, सारी त्या बाईंपाशी ठेव म्हणून होती. मी त्यांना तीन वर्षांत तीनच प्रश्न विचारले होते, आणि तेही एखाद्या यंत्राला विचारावेत असे.

त्या दिवशी निघताना मी त्यांना प्रथमच त्यांचे आडनाव विचारले. त्यांनी सांगितले आणि जरा हसल्या. “आजींना ठाऊक होतं,” एवढेच म्हणाल्या.

म्हणून मला वाटते, माणसासारख्या यंत्रांच्या या कथा पटतात की नाही, याचा निकाल यंत्राच्या बनावटीवरून लागत नाही. या कथा चापेक यांच्यापासून आजपर्यंत वेठीला धरलेल्यांच्या कथा आहेत. पडद्यावरच्या घरातली माणसे आपल्यासारखी वागली, म्हणजे उपयोगी पडणाऱ्याला गृहीत धरू लागली, त्याच्यावर विसंबली, त्याच्यावर जळली, आणि कधीतरी ओशाळली, की आपण समोरच्या नटाला निमूटपणे यंत्र म्हणून मान्य करतो. ती तशी वागली नाहीत, तर कितीही तारा आणि दिवे दाखवले तरी ते इस्त्रीच्या लुगड्यातल्या मावशीसारखेच होते.

आपण सारे घरापासून दूर राहणारे लोक आहोत. आपल्यातल्या अनेकांचे आईवडील आज कोल्हापूरला, नागपूरला, रत्नागिरीला दुसऱ्या कोणाच्या हातचे जेवत असतील. उद्या त्या हातांच्या जागी खरोखरच यंत्र येईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. आले तर त्याला ‘तू’ म्हणायचे की ‘तुम्ही’, याचा विचार आपल्या मुलांना करावा लागेल. तोवर येत्या रविवारी फोन कराल, तेव्हा पलीकडे जो कोणी फोन उचलील त्याची किंवा तिची आधी विचारपूस करा. नाव माहीत नसेल तर विचारून घ्या.

मुलांचा विषय म्हणून ज्यांना शंका आली होती, त्या कार्यकर्त्याला माझे उत्तर एवढेच आहे.